बंड्याला सर्दी झाली आहे, घरी काय काय करता येईल?

बंड्याची_ताई:
नमस्कार मंडळी. आमचा कुत्रा बंड्या चार वर्षांचा आहे, मध्यम चणीचा, लसी वेळच्या वेळी दिलेल्या. आम्ही बाहेरगावी गेलो होतो तेव्हा त्याला कुत्रे सांभाळणाऱ्यांकडे ठेवलं होतं. तिथे आणखीही कुत्री होती. घरी आला तेव्हा अगदी खुशीत होता, पण परवापासून शिंका सुरू झाल्यात. दोन्ही नाकपुड्यांतून पाण्यासारखं पातळ वाहतंय, डोळेही पाणावलेले दिसतात. रात्री मधूनच कोरडा, ठसक्यासारखा खोकला येतो. शेवटी घशात काहीतरी अडकल्यासारखी उबळ येते आणि थोडा पांढरा फेस बाहेर पडतो.

खाणं निम्म्यावर आलंय. वाटी हुंगतो आणि मागे फिरतो. पाणी मात्र पितोय आणि फिरायला जायचं म्हटलं की शेपटी जोरात हलतेय, म्हणून अजून दवाखाना गाठलेला नाही. सासूबाई म्हणतात आपल्या सर्दीच्या गोळीतला पाव तुकडा द्यावा. माझा हात होत नाहीये. वाफ द्यावी का? आंघोळ बंद करायची का? आणि एक मोठी काळजी: खालच्या मजल्यावरचं तीन महिन्यांचं पिल्लू रोज बंड्याशी खेळायला वर येतं. त्याला लागेल का हे?

हिरवळ:
घाबरू नका, सर्दी कुत्र्यांनाही होते. नाक चोंदलं असेल तर आपण वापरतो ते नाक मोकळं करणारे थेंब, एकेक थेंब टाकून बघा. वाफही द्या.

दवाखान्यातली_मावशी:
हिरवळ, तुम्ही आपुलकीने सांगितलंत हे दिसतंय, पण ते थेंब कृपा करून कुणीही वापरू नका. त्यात झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. कुत्र्याच्या पोटात ते अगदी थोडं गेलं तरी उलट्या होतात, अंगातलं त्राण जातं, हृदयाचे ठोके मंदावतात. नाकात टाकलेलं सगळं कुत्रा जिभेने चाटून घेतोच.

ताई, गोळीला तुमचा हात झाला नाही, फार चांगलं झालं. मी बरीच वर्षं प्राण्यांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. साध्या सर्दीपेक्षा घरच्या गोळीने बिघडलेल्या कुत्र्याला सावरताना जास्त जीव टांगणीला लागतो. सर्दीच्या गोळीत सहसा पॅरासिटामॉल असतं. मात्रा जास्त झाली तर ते यकृत बिघडवतं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद काढून घेतं. मग हिरड्या गुलाबीच्या तपकिरी दिसायला लागतात. काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन असतं, ते तर त्याहून वाईट. आयबुप्रोफेनने पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं धोक्यात येतात. खोकल्याच्या बिनसाखरेच्या औषधांत झायलिटॉल असू शकतं, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने खाली येते. पाव तुकडा, अर्धा तुकडा हा हिशेब इथे लावायचाच नाही. सासूबाईंना हे शांतपणे समजावून सांगा, त्यांचाही जीव आहेच की त्याच्यावर.

आता बंड्याचं. आपली नेहमीची सर्दी त्याला लागत नाही, त्याच्या सर्दीचे जंतू वेगळे. अनेक कुत्र्यांमध्ये राहून आला, काही दिवसांत कोरडा खोकला आणि उबळ सुरू झाली, असं असेल तर दवाखान्यात पहिला संशय केनेल कफचा, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याचा येतो. बोर्डेटेला नावाचा जीवाणू आणि पॅराइन्फ्लुएंझासारखे विषाणू एकेकटे किंवा मिळून हे करतात. लस दिलेल्या कुत्र्यालाही होतो, बहुतेक वेळा सौम्य होतो. धडधाकट मोठा कुत्रा साधारण आठवडा-दोन आठवड्यांत सावरतो. खोकला थोडा मागे रेंगाळतो. तोवर त्याला आराम पडेल असं बघायचं आणि त्याच्यावर नजर ठेवायची, एवढं काम आपलं. औषध डॉक्टरांनी सांगितलं तरच.

नाक पुसण्याकडे नीट लक्ष द्या, बहुतेक घरांत घाई इथेच होते. मऊ सुती कापड कोमट पाण्यात बुडवून पिळायचं आणि नाकपुडीवर नुसतं टेकवून धरायचं. खपली भिजून सैल झाली की बाहेरच्या बाजूला हलक्या हाताने पुसून घ्यायची. कोरडी खपली नखाने काढली तर खालची कातडी सोलवटते, मग तो नाकाला हातच लावू देत नाही. नाकपुडीच्या आत काही घालायचं नाही, कापसाची काडीसुद्धा नाही. डोळ्यांना वेगळं कापड घ्या, एका डोळ्याचं दुसऱ्याला लावू नका.

वाफ द्या, पण वेगळ्या तऱ्हेने. बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडा, दार लावून घ्या आणि त्याला घेऊन दहाएक मिनिटं आत बसा. पाणी त्याच्या अंगावर नको, नुसती दमट हवा पुरे. उकळत्या पाण्याचं भांडं तोंडाखाली धरायचं नाही, एका झटक्यात भाजेल. त्या वाफेत बाम, कापूर, निलगिरीचं तेल काही टाकायचं नाही. तो अस्वस्थ झाला, धापा टाकायला लागला तर लगेच दार उघडा. पग, बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना तर वाफेच्या कोंदट खोलीत नेऊच नका, त्यांना अंगातली उष्णता बाहेर टाकणं मुळात अवघड जातं.

खाण्याचं म्हणाल तर कुत्रा आधी नाकाने जेवतो. वास येईना म्हणून तो वाटीपासून मागे फिरतोय. नेहमीचंच अन्न किंचित कोमट करून द्या म्हणजे वास उठतो. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, कोमटच लागलं पाहिजे. बिनमिठाचं शिजवलेलं चिकन आणि त्याचं पाणी वरून घातलंत तरी चालेल. त्यात कांदा-लसूण अजिबात नको, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटतात.

आंघोळ थांबवा. फिरणं थोडक्यात आणि सावकाश. गळ्यातला पट्टा काढून ठेवा आणि छातीवरून बांधायचा हार्नेस वापरा. श्वासनलिका सुजलेली असते, पट्ट्याची जराशी ओढ बसली की उबळ येते. घरात धूर, सुगंधी फवारे नकोत.

नजर ठेवायची ती अशी. गाढ झोपला की छाती किती वेळा वर येते ते अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. झोपेतही आकडा सतत त्याच्या वर राहत असेल तर डॉक्टरांना फोन करा. श्वास घेताना पोट आत-बाहेर ओढलं जात असेल, मान ताणून बसत असेल, आडवं व्हायला नको म्हणत असेल, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्याफटक दिसत असतील, तर रात्र असो की पहाट, निघायचं. नाकातलं पातळ पाणी घट्ट, पिवळं-हिरवं झालं किंवा दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर त्याच दिवशी दाखवा. बंड्याला खोकला आहेच, त्यामुळे एकदा डॉक्टरांकडून छाती तपासून घ्याच, त्यासाठी तो आडवा पडायची वाट बघू नका. जाण्याआधी फोन करून खोकल्याचं सांगा, म्हणजे ते तुम्हाला इतर कुत्र्यांपासून लांब बसवतील.

पिल्लाला आजपासून वर येऊ देऊ नका. निदान दोन आठवडे तरी. शिंकेतून, वाटीतून, तुमच्या हातांवरून हे पसरतं. त्याच्या लसी पूर्ण झाल्यात का ते विचारा. पिल्लांमध्ये हाच खोकला फुप्फुसात उतरू शकतो. शिवाय डिस्टेंपर या कुत्र्यांच्या गंभीर विषाणूजन्य आजाराची सुरुवातही अशीच नाक-डोळे वाहण्याने आणि तापाने होते, मग उलट्या, जुलाब, झटके. लहान पिल्लू शिंकायला लागलं तर घरी काही करत बसू नये, थेट न्यावं.

नदीकाठ:
मावशींनी सगळं सांगितलंय, मी एकच भर घालतो. पुढे कुणी हे वाचेल त्याच्यासाठी. आमच्या बीगलचं नाक फक्त उजव्या बाजूने वाहायचं, घट्ट आणि वासाचं. सगळे सर्दी म्हणत होते. डॉक्टरांनी भूल देऊन तोंडाचा एक्स-रे काढला तेव्हा वरच्या दाताच्या मुळाशी पू सापडला. दात काढला आणि नाक वाहायचं थांबलं. एकाच नाकपुडीतून वाहत असेल किंवा रक्त येत असेल तर गवताचं कुसळ, दात, बुरशी, गाठ यांपैकी काहीही असू शकतं. त्याला सर्दी समजून थांबू नका.

बंड्याची_ताई:
खूप आधार वाटला. खालच्यांना फोन केला, पिल्लाची शेवटची लस बाकी आहे, त्यामुळे ते वर येणं बंद. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ताप कसा बघायचा? नाक गरम लागतंय, कोरडंही आहे. आणि आज दुपारी त्याने विचित्रच केलं, उभा राहून मान पुढे ताणली आणि श्वास घुर्र घुर्र आत ओढत राहिला. माझे हातपाय गळाले. मग आपोआप थांबला आणि बाहुली घेऊन आला!

दवाखान्यातली_मावशी:
नाकावरून ताप कळत नाही. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याच्यासाठी वेगळा ठेवा. टोकाला व्हॅसलिन लावा. एकाने डोक्याशी बसून गळ्याखाली हात घालून त्याच्याशी बोलत राहायचं, दुसऱ्याने शेपूट मुळाशी धरून वर करायची आणि टोक गुदद्वारात सावकाश दोनेक सेंटिमीटर सरकवायचं. तो बसायला लागला तर पोटाखाली हात द्या. जबरदस्ती करू नका, नाहीच ऐकलं तर उद्या दवाखान्यात बघतील. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं, आपला आकडा त्याला लावू नका. १०३ च्या वर गेलं तर फोन करा, १०४ ला थांबू नका.

दुपारचं वर्णन उलट्या शिंकेचं वाटतंय. टाळूच्या मागे खाजलं की श्वास असा आत ओढला जातो, काही सेकंदांत थांबतो आणि कुत्रा काही झालंच नाही असा वागतो. गळ्यावरून हलका हात फिरवा. पुन्हा झालं तर मोबाइलवर टिपून ठेवा आणि खोकल्याचंही चित्रण घ्या. दवाखान्यात गेलं की कुत्रं हमखास खोकत नाही, डॉक्टरांना त्या चित्रणाचा फार उपयोग होतो.

बंड्याची_ताई:
जाऊन आलो. ताप १०२.२, म्हणजे ठीक. झोपेत श्वास मोजला तो २२ भरला. डॉक्टरांनी चित्रण पाहिलं, गळ्यावर श्वासनलिका हलकेच दाबली तर लगेच ठसका लागला. छाती स्वच्छ आहे म्हणाले, केनेल कफच वाटतोय. अँटिबायोटिकची सध्या गरज नाही. रात्री झोप लागावी म्हणून खोकल्याचं औषध वजनावर मोजून दिलंय. कोमट केलेलं अन्न त्याने आज वाटी चाटूनपुसून संपवलं, सासूबाई शेजारी बसून होत्या. त्याच्या वाट्या, अंथरूण, खेळणी टाकून द्यायची का?

दवाखान्यातली_मावशी:
टाकायला कशाला! वाट्या आणि रबरी खेळणी गरम पाण्यात साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. अंथरूण आणि कापडी बाहुली गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. पिल्लाकडे जायचं झालं तर हात धुऊन, कपडे बदलून जा. ज्यांच्याकडे बंड्याला ठेवलं होतं त्यांनाही कळवा, त्यांच्याकडे आता दुसरी कुत्री असतील. आणि खोकला दोन आठवड्यांनंतरही तसाच राहिला तर छाती पुन्हा तपासून घ्या.