'फायब्रोटिक स्ट्रिक्चर'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
क्रोन्सच्या (आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या जुनाट आजाराच्या) रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. एमआर एन्टेरोग्राफीच्या (आतड्याच्या एमआरआयच्या) रिपोर्टात 'फायब्रोटिक स्ट्रिक्चर' असं येतं, म्हणजे भिंतीत तंतू साठून अरुंद झालेला आतड्याचा भाग. कोणी 'व्रण' सुचवतं, कोणी 'तंतुमय संकोच'. घरी बसून रिपोर्ट वाचणाऱ्याला कळेल असं काय लिहू?

प्रतिसाद १
'व्रण' नको. व्रण म्हणजे जखमही आणि ती भरल्यावर उरणारी खूणही. या आजारात आतड्यात अल्सरही असतात, त्यांनाही आपण व्रणच म्हणतो. खुणेसाठी 'वण' आहे ना! देवीचे वण सगळ्यांना माहीत आहेत.

प्रतिसाद २
मी रेडिओलॉजीत आहे. 'वण' आवडला, पण त्याने त्वचेवरची खूण डोळ्यांपुढे येते. क्रोन्समध्ये आतड्याच्या भिंतीची सगळी जाडी दुखावते. सूज येत-जात राहते, भिंतीत कोलॅजन (वणातले तंतू) साठतं, भिंत जाड आणि कडक होते, मधली वाट अरुंद होते. दुर्बिणीतून फक्त आतलं अस्तर दिसतं. भिंतीच्या पोटात काय चाललंय ते एमआरआय, सीटी किंवा सोनोग्राफीत पाहावं लागतं.

निरोगी भिंत साधारण ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असते. एमआरआयच्या टी२ चित्रात (यात पाणी उजळ दिसतं) ती उजळ दिसली तर तिथे पाणी, म्हणजे सूज. कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) दिल्यावर काही मिनिटांनंतरही भिंत आणखी उजळतच गेली, तर तंतू जास्त असल्याचा संशय घ्यायचा. अरुंद जागेच्या अलीकडचं आतडं ३ सेंटिमीटरहून जास्त फुगलेलं असेल, तर वाट खरोखर अडते आहे. इलॅस्टोग्राफीने भिंतीचा कडकपणाही मोजतात.

पण सूज आणि वण बहुतेकदा एकाच जागी असतात. हा निव्वळ वणच, असं खात्रीने सांगेल अशी तपासणी रोजच्या वापरात अजून नाही. म्हणून शब्दाआधी 'मुख्यतः' जरूर लिहा. नाहीतर नुसतं 'वण' वाचून रुग्ण औषधांची आशा सोडू शकतो.

प्रतिसाद ३
माझ्या भावाला हा आजार आहे. घरात सगळे 'आतडं चिकटलंय' म्हणायचे. ते चूक. चिकटणं वेगळं, ते ऑपरेशननंतर आतड्यांच्या बाहेरच्या बाजूंनी होतं. इथे 'आकसलंय' हाच शब्द बरोबर. आई म्हणते, भेंडी निबर होते तसं आतडं निबर झालंय. डॉक्टरांनाही ते पटलं.

विचारणारी
'आकसणं' घेते. मजकूर असा केला आहे: 'आतड्याचा हा भाग आकसला आहे. त्यामागे मुख्यतः भिंतीतला वण असावा, थोडी सूजही असू शकते. सूज औषधांनी उतरू शकते. वण औषधांनी विरत नाही. त्यासाठी दुर्बिणीतून फुग्याने वाट रुंद करतात किंवा शस्त्रक्रिया करतात.'

प्रतिसाद २
चालेल. फुग्याचा उपाय आखूड जागेसाठी, साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत, एवढं जोडा.