मदत हवी आहे: लागोपाठ दोन क्रूझ, एक रद्द करा म्हणतायत. लवकर सांगा

निवांत_पेन्शनर
नमस्कार मंडळी. थोडक्यात लिहितो, वेळ कमी आहे. मी आणि सौ., दोघंही रिटायर्ड, कोल्हापूर. आम्ही छोट्या क्रूझ लागोपाठ करतो. एक संपली की त्याच बोटीवर लगेच दुसरी. कंपनी सफरी मोजते आणि त्यावर वरच्या श्रेणीचं कार्ड देते, आमच्या आता थोड्याच कमी पडतायत. या खेपेला दोन बुक केल्या, कन्फर्मेशनही आलं. आज मेल आलाय की दोन्ही एकत्र चालणार नाहीत, एक रद्द करा, तीन दिवसांत कळवा. कारण म्हणे कसला तरी कायदा. एजंट फोन उचलत नाही. तिकिटं वेगळी, बुकिंग नंबर वेगळे, मग यांना अडचण काय? 'या वयात कशाला' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

कटवडा
काका, कुठली बोट, कुठून कुठं? काहीच लिहिलं नाही तुम्ही. कोल्हापुरातनं बोट फक्त रंकाळ्यात चालते 😀

मीनल_टी
मुंबई-गोवा असेल तर निश्चिंत राहा. आम्ही दिवाळीत कॉर्डेलियानं गेलो होतो. बोट १९९० सालची, आधी रॉयल कॅरिबियनकडं होती, पण आतून छान ठेवलीय. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथनं बॅलार्ड पिअर जवळच आहे. ओळखपत्र मूळ न्या, झेरॉक्स चालत नाही. जैन जेवण वेगळं मिळतं. डेकवर वारा फार असतो, वहिनींना स्कार्फ घ्यायला सांगा.

निवांत_पेन्शनर
मुंबई-गोवा नाही हो. परदेशातली आहे. आणि आम्ही जैन नाही.

सागरमाळ
मग सिंगापूर. व्हिसाचा घोळ आहे, लिहून घ्या. पहिली क्रूझ संपली की तुम्ही सिंगापुरात उतरता, म्हणजे इमिग्रेशन आलं, दुसरीला परत तेच. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर तिथंच अडकता. मल्टिपल एंट्री घ्यायचा. शिवाय अरायव्हल कार्ड दर वेळी नव्यानं भरायचं, तीन दिवस आधीपासून भरता येतं, फुकट असतं. त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादाला लागू नका. आम्ही पेनांग-फुकेत असं लागोपाठ केलंय. काहीही होत नाही.

निवांत_पेन्शनर
सिंगापूरही नाही, अमेरिका. मुलगा बे एरियात असतो. व्हिसा दहा वर्षांचा आहे. व्हिसाचा विषयच नाही, विषय बुकिंगचा आहे. कृपया मुद्द्यावर या.

पुणेकर_जावई
मुद्द्यावरच येतो. हे कार्ड मिळवण्याचं गणितच मला पटत नाही. छोट्या क्रूझचा दर रात्रीचा भाव मोठीपेक्षा जास्त पडतो. पोर्ट टॅक्स प्रत्येक सफरीला वेगळा. टिप माणशी रोज सोळा ते वीस डॉलर, ती वेगळी. एवढं करून मिळतं काय? चढताना रांग लहान आणि मिनीबारमध्ये दोन बाटल्या. त्या पैशात एकच चांगली पंधरा दिवसांची क्रूझ होते.

निवांत_पेन्शनर
कपडे धुऊन इस्त्री करून फुकट मिळतात. सौ.ना विचारा त्याची किंमत.

कटवडा
कपडे धुवायला अमेरिका. नाद खुळा!

बे_एरियाची_सून
@पुणेकर_जावई, गणित कंपनीवर अवलंबून असतं, सरसकट बोलून चालत नाही. रॉयल कॅरिबियन रात्री मोजते: तीसला प्लॅटिनम, ऐंशीला डायमंड. तिथं छोट्या छोट्या करून काही फायदा नाही, रात्री तेवढ्याच. कार्निव्हलनं २०२५ मध्ये जाहीर केलं की यापुढं खर्चावर मोजणार. प्रिन्सेस आणि क्युनार्ड मात्र सफरींची संख्या किंवा दिवस, जे आधी भरेल ते धरत आल्यात. अशा ठिकाणी एका रात्रीची सफरही एक अख्खी सफर. माझे सासू-सासरे हेच करतात. काकांचं डोकं बरोबर चाललंय.

काका, एक मात्र बघा. दोन टप्पे कंपनीनं एकाच नंबराखाली जोडून विकले असतील तर ती एकच सफर धरतात. तुमचे नंबर वेगळे आहेत ना?

निवांत_पेन्शनर
वर लिहिलंय की वेगळे आहेत. लोक वाचतात की नाही?

खलाशी_निवृत्त
साहेब, मी मर्चंट नेव्हीत होतो. बंदरांची नावं द्या. पहिली कुठून कुठं, दुसरी कुठून कुठं, बोट एकच का? आणि मेलमध्ये कायद्याचं नाव असेल ते जसंच्या तसं टाका. त्याशिवाय सगळं हवेत.

सागरमाळ
बोट एकच असली म्हणून काय झालं? आम्ही केबिनसुद्धा बदलली नव्हती.

दादा_गंगावेश
बोटीचा विषय निघालाय म्हणून सांगतो. आमच्या लहानपणी कोकण सेवक आणि कोकण शक्ती होत्या, भाऊच्या धक्क्यावरनं पणजीपर्यंत. आम्ही आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचो आणि तिथनं मुंबईची बोट धरायचो. बोट खोल पाण्यात उभी, पडावातनं जायचं, वर खेचून घ्यायला खलाशी हात द्यायचे. आईनं डब्यात दिलेल्या दशम्या निम्म्या माशांना. पावसाळ्यात बंद. कार्ड नव्हतं आणि लाँड्री तर नव्हतीच.

मीनल_टी
दादा, मस्त! यावर वेगळा धागा काढा ना.

निवांत_पेन्शनर
वेगळाच काढा. @खलाशी_निवृत्त, पहिली लॉस एंजेलिस ते व्हँकुव्हर. दुसरी व्हँकुव्हर ते सिअ‍ॅटल, एकाच रात्रीची. बोट तीच, केबिन तीच, म्हणून तर घेतली. मेलमध्ये 'पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट' असं लिहिलंय. व्हँकुव्हर कॅनडात आहे, म्हणजे परदेश झाला की. मग?

खलाशी_निवृत्त
हां, आता बोला. हा अमेरिकेचा १८८६ सालचा कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजानं अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी न्यायचे नाहीत. हेतू त्यांच्या स्वतःच्या जहाजांचा धंदा राखण्याचा. आज बहुतेक सगळ्या क्रूझवर झेंडा बहामाज, बर्म्युडा नाहीतर पनामाचा, त्यामुळं कायदा सगळ्यांना लागू. अमेरिकन झेंड्याची मोठी क्रूझ म्हणजे हवाई बेटांतली प्राइड ऑफ अमेरिका, तिला परदेशी बंदर गाठावं लागत नाही.

आता तुमचं. तुम्ही लॉस एंजेलिसला चढलात आणि शेवटी सिअ‍ॅटलला उतरलात, दोन्ही अमेरिका, जहाज तेच. तिकिटं किती फाडली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आपण एसटीत कोल्हापूर ते कराड एक तिकीट काढलं, कराड ते पुणे दुसरं, तरी गाडी तीच आणि आपण गेलो पुण्याला, तसं.

मधे परदेशी बंदर लागलं तर चालतं, पण ते 'लांबचं' लागतं. कॅनडा, मेक्सिको, बहामाज ही सगळी जवळची धरतात. लांबचं म्हणजे दक्षिण अमेरिका, नाहीतर अरुबा, कुरासाव. व्हँकुव्हरचा तुम्हाला काही उपयोग नाही. कायदा मोडला तर दंड माणशी कंपनीला बसतो आणि कंपनी तो तुमच्या खात्यावर टाकते. मेल आलाय ते बरंच झालं.

पुणेकर_जावई
एसटीत तिकीट तोडून घेतलं तर कधी कधी स्वस्त पडतं, टप्प्यांमुळं.

कटवडा
पडत नाही. महागच पडतं. मी रोज इचलकरंजी करतोय.

सागरमाळ
खलाशी साहेब, माफ करा, पण हे पटत नाही. मग सिअ‍ॅटलहून अलास्काला जाणाऱ्या एवढ्या क्रूझ कशा चालतात? सिअ‍ॅटलही अमेरिका, अलास्काही अमेरिका.

खलाशी_निवृत्त
त्या जिथून निघतात तिथंच परत येतात. फेरीला जवळचं परदेशी बंदरही चालतं, म्हणून त्या कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, पुष्कळदा रात्रीच्या चार-पाच तासांसाठीच. कोविडमध्ये कॅनडानं बंदरं बंद केली तेव्हा अलास्काचा सगळा सीझन अडकला होता, २०२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसला तात्पुरता वेगळा कायदा करावा लागला. आणि तुमचं सिंगापूर इथं कशाला आणताय, तिथं हा कायदाच नाही.

सागरमाळ
मी आपला अनुभव सांगितला. ज्याला घ्यायचाय तो घेईल.

निवांत_पेन्शनर
म्हणजे एजंटाला हे माहीत असायला पाहिजे होतं. त्यानं स्वतः सुचवलं होतं की नंतर एक रात्र जोडा, एक सफर वाढेल. आता मार्ग काय? व्हँकुव्हरला उतरून परत चढलो तर?

बे_एरियाची_सून
त्याच दिवशी त्याच बोटीवर चढलात तर नाही चालणार. लागोपाठवाल्यांना तसंही उतरवतातच. सकाळी लाउंजमध्ये जमवतात, हातात 'इन ट्रान्झिट'चं कार्ड देतात, रांगेनं खाली नेऊन पासपोर्ट दाखवून परत वर आणतात. सासूबाई हातात विणकाम घेऊन बसतात तेवढा वेळ. केबिन तीच असेल तर कपाटातला कपडाही हलवावा लागत नाही. पण कायद्याच्या लेखी ते उतरणं नव्हे. व्हँकुव्हरला दोन रात्री राहून दुसऱ्या जहाजानं गेलात तर चालतं.

मीनल_टी
व्हँकुव्हर-सिअ‍ॅटल रेल्वे आहे की! अ‍ॅमट्रॅकची. समुद्राच्या कडेकडेनं जाते. क्रूझच कशाला?

निवांत_पेन्शनर
रेल्वेनं सफर मोजली जात नाही.

वैद्य_राजारामपुरी
बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. ती केबिनवर पोचायला संध्याकाळ होते. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावानं घ्या, ब्रँडच्या नावानं नको. इन्शुरन्समध्ये क्रूझ धरलीय का ते पॉलिसीत बघा. बोटीवरचा डॉक्टर फी डॉलरमध्ये घेतो.

खलाशी_निवृत्त
निवांत साहेब, त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. नंतर जोडू नका, आधी जोडा. तेच जहाज तुमच्या सफरीच्या आधी लॉस एंजेलिसहून मेक्सिकोतल्या एन्सेनाडाची तीन-चार रात्रींची फेरी करतंय का ते बघा. त्या दिवसांत पुष्कळ जहाजं करतात. लॉस एंजेलिस, एन्सेनाडा, परत लॉस एंजेलिस, आणि तिथनं व्हँकुव्हर. तुम्ही चढला अमेरिकेत आणि शेवटी उतरला कॅनडात. अमेरिका ते अमेरिका झालंच नाही. सफरी दोन, जहाज तेच, लाँड्री चालू. मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही, अमेरिकेचा चालू व्हिसा असला की पुरतो.

पण कॅनडाचा व्हिसा आहे ना तुमच्याकडं?

कटवडा
काका?

बे_एरियाची_सून
काका, हे महत्त्वाचं आहे. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच, बोटीनं गेलात तरी. अमेरिकेचा व्हिसा त्यासाठी चालत नाही. नसेल तर लॉस एंजेलिसच्या धक्क्यावरच थांबवतील, बोटीवर चढूच देणार नाहीत.

निवांत_पेन्शनर
अर्ज भरलाय. बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जायचंय, पुढच्या आठवड्यातली तारीख आहे. एजंट म्हणाला होता बोटीनं जाताय तर निवांत येईल.

पुणेकर_जावई
वर तुम्ही म्हणाला होतात व्हिसाचा विषयच नाही.

सागरमाळ
मी पहिल्याच प्रतिसादात व्हिसा म्हणालो होतो.

खलाशी_निवृत्त
असू दे हो. साहेब, कंपनीला आजच मेल करा, एजंटामार्फत नको, थेट. दोन गोष्टी मागा: एक रात्रीचं बुकिंग दंड न लावता रद्द, आणि ते पैसे एन्सेनाडाच्या फेरीकडं वळते. डिपॉझिटच भरलंय की सगळे पैसे?

निवांत_पेन्शनर
एका रात्रीचे सगळे भरलेत. मोठ्याचं डिपॉझिट.

खलाशी_निवृत्त
मग मोठ्याचे बाकीचे पैसे भरायची शेवटची तारीख कधी आहे ते बघा. साधारण निघायच्या तीनेक महिने आधी असते. तोवर कॅनडाचा व्हिसा आला तर ठीक, नाही आला तर तेही सोडा आणि एन्सेनाडाच्याच लागोपाठ दोन फेऱ्या मारा. एकाच बंदरातून निघून तिथंच परत, मधे मेक्सिको, तक्रारीला जागाच नाही.

वैद्य_राजारामपुरी
एजंटानं टीसीएस (परदेशी सहलीच्या पैशांवर आगाऊ घेतात तो कर) कापला असेल तर २६एएस या कराच्या उताऱ्यात दिसतो का बघा. रिटर्न भरताना वळता होतो. पुष्कळ पेन्शनर सोडून देतात.

निवांत_पेन्शनर
मुलानं रात्री चॅटवर कंपनीला गाठलं. एक रात्र रद्द, पैसे त्याच कार्डावर परत देतो म्हणाले. एन्सेनाडाची फेरी आहे, तीच बोट, फक्त केबिन दोन मजले खाली आणि खिडकी नाही. सौ. म्हणतात चालेल, झोपायलाच तर जायचंय. खलाशी साहेब, आभार. सूनबाई, तुमचेही. एजंटाकडं उद्या सकाळी उघडायच्या वेळी जाऊन बसतो.

बे_एरियाची_सून
केबिन बदलणार असेल तर कपडे हँगरवर तसेच ठेवा, ते लोक हँगरसकट नेतात. फक्त तिजोरी रिकामी करा.

कटवडा
काका, येताना चॉकलेट वगैरे काही नको, एजंटाकडं काय झालं तेवढं इथं लिहा.

आजरा_घनसाळ
मला मुंबई-गोवाबद्दल विचारायचं होतं. मटण असतं का?

मीनल_टी
असतं. पण आपल्यासारखं नाही. वेगळा धागा काढा, सगळं सांगते.