प्लेटोची ज्ञानाची आणि न्यायाची व्याख्या: तक्त्यावर नेमकं काय लिहू?

बोरीकाठ
अमळनेरला बी.ए.च्या मुलांसाठी ग्रीक तत्त्वज्ञानाचे दोन तक्ते करतोय. दोन वाक्यांवर अडलोय.
"ज्ञान म्हणजे सकारण सत्य मत. – प्लेटो, थीएटेटस"
"न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे. – प्लेटो, रिपब्लिक"
गाइडात दोन्ही अशीच छापली आहेत. चालतील का? शिवाय हे दोन तक्ते एकमेकांना जोडायचे तर कुठून? विभाजित रेषेची (रिपब्लिकमधली, जाणण्याच्या चार पायऱ्या दाखवणारी) आकृतीही हवी आहे, चार सारखे भाग पाडून ठेवलेत.

पांझरा
भाऊ, दोन्ही वाक्यं त्या ग्रंथांत आहेत, पण खोडण्यासाठी मांडलेली. गाइडने पूर्वपक्षच सिद्धान्त म्हणून छापलाय. १९१६ साली ज्या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, त्या गावच्या तक्त्यावर तरी ही चूक नको.

आधी ज्ञान. थीएटेटसमध्ये (त्या नावाच्या तरुणाशी सॉक्रेटीसचा संवाद) तीन व्याख्या ओळीने येतात. ज्ञान म्हणजे इंद्रियांना होणारी जाणीव. मग ज्ञान म्हणजे खरं मत. मग ज्ञान म्हणजे खरं मत आणि त्याला 'लोगोस'ची, म्हणजे ढोबळमानाने खुलाशाची, जोड (२०१ सी-डी; हे प्लेटोच्या ग्रंथांचे ठरलेले पानक्रमांक). गाइड इथे थांबतं. सॉक्रेटीस थांबत नाही. हा लोगोस म्हणजे काय, असं विचारून तो त्याचे तीन अर्थ लावून बघतो.

पहिला, मनातलं बोलून दाखवणं. हे मुका-बहिरा सोडून कोणीही करतो, म्हणजे प्रत्येक खरं मत ज्ञान ठरेल. बाद.

दुसरा, वस्तूचे घटक मोजून सांगणं. इथला दाखला खानदेशात समजावून सांगावा लागणार नाही, तो गाडीचा आहे. ग्रीक कवी हेसिअड म्हणतो गाडीला शंभर लाकडं. आपण मात्र चाकं, आस, साटा, कठडे, जू एवढं म्हणून मोकळे होतो. मग शंभरच्या शंभर मोजली की ज्ञान झालं? नाही. मूळ ग्रीक उदाहरण असं: 'थीएटेटस' लिहिताना मूल पहिलं अक्षर बरोबर काढतं आणि 'थिओडोरस' लिहिताना त्याच आवाजाला वेगळं अक्षर वापरतं. मराठीत करायचं तर पोरगा 'शेत' बरोबर लिहितो आणि पुढच्याच ओळीत 'षेपूट' लिहितो. 'शेत'मधली सगळी अक्षरं त्याने क्रमाने सांगितली, मतही खरं होतं, पण 'शे' त्याला कळलेला नाही. मुलं इथे हमखास गोंधळतात, म्हणून फळ्यावर लिहूनच दाखवा.

तिसरा अर्थ, वस्तू इतरांहून वेगळी ओळखायची खूण. पण थीएटेटसबद्दल माझं काही मत आहे म्हणजे त्याचं वेगळेपण माझ्या मनात आधीच आलं. नाहीतर ते मत त्याच्याबद्दल कसं? आणि वेगळेपण नुसतं मनात असून भागत नाही, ते 'जाणलेलं' हवं असं म्हटलं, तर ज्ञान म्हणजे खरं मत अधिक वेगळेपणाचं ज्ञान असं होतं. हे चक्रक, ज्याची व्याख्या करायची तेच व्याख्येत परत आलं. २१० ए-बीला तिन्ही व्याख्या पडतात आणि चौथी येत नाही.

गाइडातल्या त्या वाक्याच्या जवळ जाणारं काही हवंच असेल तर प्लेटोचाच दुसरा संवाद, मेनो ९७-९८ घ्या. लारिसा या गावाचा रस्ता न जाणता ज्याचा अंदाज बरोबर निघाला, तोही लोकांना लारिसाला पोचवतो. मग ज्ञानात जास्तीचं काय? खरं मत दावं न लावलेल्या वासरासारखं निघून जातं (मुळात दंतकथेतला शिल्पकार डिडॅलस याच्या पळून जाणाऱ्या पुतळ्यांची उपमा आहे, वासरू माझं), आणि ज्ञान कारणाच्या हिशोबाने खुंट्याला बांधलेलं असतं. हा 'कारणाचा हिशोब' आणि वरची घटकांची यादी एकच समजू नका.

वाघूर
दुसऱ्या वाक्याचं. ते संवादातलं एक पात्र, पॉलेमार्कस, सायमोनिडीस कवीच्या नावावर सांगतो (रिपब्लिक ३३१ ई). त्याच्या जरा आधी त्याच्या वडिलांची अडचण झालेली असते: मित्राने शुद्धीत असताना शस्त्रं ठेवायला दिली, वेड लागल्यावर परत मागितली, तर द्यायची का? देऊ नयेत हे वडिलांना आणि सॉक्रेटीसला, दोघांनाही पटतं. मग पॉलेमार्कस सुधारून म्हणतो, मित्राचं भलं आणि शत्रूचं वाईट करणं म्हणजे न्याय. इथे (३३४ सी) सॉक्रेटीसचा प्रश्न बघा: मित्र कोण आणि शत्रू कोण हे ओळखण्यात माणसं चुकत नाहीत का? चुकली तर चांगल्याचं वाटोळं करणं न्याय ठरेल. न्यायाची व्याख्या अज्ञानावर आपटते. तुमचा पहिला दुवा हाच.

प्लेटोची स्वतःची व्याख्या चौथ्या पुस्तकात ४३३ ए-बीला: ज्याने त्याने आपलं काम करणं, दुसऱ्याच्या कामात हात न घालणं. पण तेवढंच लिहिलं तर मुलं बलुतेदारीवर जातात. शेजारी ४४३ सी-डी हवंच: बाहेरची कामं ही न्यायाची नुसती प्रतिमा, खरा न्याय आतला, विवेक, तेज आणि वासना या तिघांनी आपापल्या जागी राहणं. राज्यातले तीन वर्ग हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं तेच वाक्य (३६८ डी). राज्याची रचना म्हणून ती टीकेला पात्र आहेच, ती टीका तक्त्यावर वेगळ्या चौकटीत लिहा.

दुसरा दुवा थेट कोर्टातला, थीएटेटस २०१ ए-सी. लूटमार प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाच तिचं ज्ञान असतं. न्यायमंडळापुढे पाण्याचं घड्याळ चालू, वेळ थोडा. वक्ता त्यांना पटवतो. निकाल बरोबर लागतो, पण ऐकीव माहितीवर. म्हणजे खरं मत मिळालं, ज्ञान नाही. आणि संवादाच्या शेवटी (२१० डी) सॉक्रेटीस उठतो तो मेलेटसच्या फिर्यादीला तोंड द्यायला. इ. स. पू. ३९९चा तोच खटला, ज्यात त्याला मृत्युदंड झाला. दोन तक्त्यांमध्ये बाण काढायचा तर इथेच काढा.

चोपडेकर
बरोबर शे. एक भर घालतो, कारण मुलं विचारतीलच: ऐकून ज्ञान होत नाही हे आपल्याकडे मान्य आहे का? नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, नाही. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही त्यांची चार प्रमाणं (ज्ञानाची साधनं), आणि 'आप्तोपदेशः शब्दः' (न्यायसूत्र १.१.७). आप्त म्हणजे जो विषय जाणतो आणि जसा आहे तसा सांगतो. तेव्हा डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराचं ऐकून मंडळाला ज्ञान होऊ शकतं. पटवून देण्यातच तरबेज असलेल्या वक्त्याचं ऐकून नाही. प्लेटोने दोघांना एकाच घागरीत ओतलंय, असं माझं मत.

'न्याय' या शब्दाचीही काळजी घ्या. न्यायदर्शन उघडलं की प्रमाणशास्त्र निघतं, कोर्ट नाही. प्लेटोचा 'न्याय' म्हणजे ग्रीक 'डिकाइओसिनी', तो माणसाच्या अंगचा गुण आहे. तक्त्यावर एकदा तरी 'न्यायीपणा' लिहा.

बोरीकाठ
आभार सगळ्यांचे. दोन्ही वाक्यांवर 'पूर्वपक्ष' लिहून ठेवतो. रेषेचं राहिलं.

पांझरा
चार सारखे भाग खोडा. रिपब्लिक ५०९ डीला रेषा आधी दोन असमान भागांत कापायची, मग प्रत्येक भाग पुन्हा त्याच प्रमाणात. प्रमाण किती, हे प्लेटो सांगत नाही. ३:१ घेतलं तर सोपं पडतं. ६४ सेंमीची उभी रेषा काढा. वर ४८, खाली १६. ४८चे ३६ आणि १२, १६चे १२ आणि ४. वरून खाली लिहा: नोएसिस (शुद्ध बुद्धीचं ज्ञान) ३६, दियानोइया (गणितासारखा विचार) १२, पिस्तिस (वस्तूंवरचा विश्वास) १२, एइकासिया (सावल्या-प्रतिबिंबांवरची कल्पना) ४. मधले दोन सारखे आलेत ती तुमची चूक नाही. कुठलंही प्रमाण घ्या, ते सारखेच येतात. म्हणून मधे रंग बदला, नाहीतर गणितातलं आकलन आणि डोळ्यांपुढच्या वस्तूंवरचा विश्वास एकाच तोलाचा वाटेल.