मरणाचं भेव वाटलं म्हणजे विश्वास कमी पडला का?

जालन्याची_लेक :
सगळ्यांना सलाम. लै दिवसांपासून मनात घोळतंय ते लिहायलेय, लांब झालं तर सांभाळून घ्या. पप्पा 74 वर्षांचे, अन्ननलिकेचा कॅन्सर, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. आमचं घराणं बेथेलचं, नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलं ते गाव, म्हणजे पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती मंडळीतले लोक आम्ही. पप्पांनी कितीतरी जणांच्या उशाशी बसून प्रार्थना केली, माती द्यायला सगळ्यात पुढं तेच असायचे. आणि तेच पप्पा आता रात्री दोन वाजता उठून बसतात, माझा हात घट्ट धरतात अन् म्हणतात, बाई, मला भेव वाटायलंय. गेल्या रविवारी भेटायला आलेले एक काका त्यांच्या तोंडावर बोलले की विश्वासणाऱ्याला मरणाचं भय नसतं, तुमचं कुठंतरी कबूल न केलेलं पाप राहिलं असंल. त्यानंतर दोन दिवस पप्पा कुणाशी बोलले नाहीत. मला हे साफ चूक वाटतं. भीती वाटणं हे पाप नाही. तुमचं मत सांगा, पटत नसलं तरी सांगा.

पैठणचा_सेवक :
ताई, पप्पांसाठी प्रार्थना करतो. त्या काकांनी तसं बोलायला नको होतं हे मान्य. पण मुद्दा सोडून देऊ नका. बायबलात योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, पूर्ण प्रीती भीती घालवून देते. इब्री पत्रात तर म्हटलंय की मरणाच्या भयानं जे जन्मभर दास्यात होते त्यांना सोडवायलाच ख्रिस्त आला. मग सुटलेला माणूस परत भ्यायला लागला तर आपण त्याला आठवण करून द्यायची की नाही? पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याच्यावर दगड पडत होते तरी तो मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करत होता. माझी माय 2016 ला गेली, शेवटच्या दिवशी आवाज निघत नव्हता तरी ओठ हलवून भजन म्हणत होती, मी डोळ्यांनी बघितलंय. पुनरुत्थान खरं असंल तर त्याचा फरक मरताना दिसलाच पाहिजे, नाहीतर आपल्यात अन् बाकीच्यांत काय फरक राहिला.

जालन्याची_लेक :
दादा, तुमच्या मायची साक्ष वाचून डोळे भरून आले. पण योहानाचं वचन पूर्ण वाचा ना. त्याच्या आधीच्याच ओळीत न्यायाच्या दिवसाची गोष्ट आहे, अन् पुढं म्हटलंय की भीतीत शासन असतं. म्हणजे देव मला शिक्षा करील ही भीती प्रीतीनं जाते असं योहान सांगतोय. श्वास कोंडंल, लेकरं मागं राहतील, अंधार असंल, ही भीती वेगळी, तिच्याबद्दल तो तिथं बोलतच नाही. आणि स्तेफनाचं उदाहरण देता तर गेथशेमाने का विसरता, वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची ती बाग? प्रभू स्वतः म्हणाला, माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे. हा प्याला टळून जावो म्हणून पालथं पडून मागणं केलं, शिष्यांना म्हणाला माझ्याबरोबर जागे राहा. त्याला सोबत पाहिजे होती दादा. त्याच्या मनात कबूल न केलेलं पाप होतं का?

परभणीकर :
मी कुठलाच देव मानत नाही, तरी आदरानं लिहितो. तुमच्या दोघांच्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे की पलीकडं काहीतरी आहे. मन शांत होतं म्हणून एखादी गोष्ट खरी होत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस दोन हजार वर्षांच्याही आधी सांगून गेला की आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचं कशाला. मला तरी हे पुरतं. अन् खरं सांगायचं तर स्वर्ग-नरकाची भीती आधी धर्मच घालतो, मग औषधही तोच देतो. त्या काकांनी नेमकं तेच केलं.

जालन्याची_लेक :
काकांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. एपिक्युरस मात्र आमच्या घरात रात्री दोन वाजता पुरत नाही हो. पप्पांना आपण नसणार याचंच भेव आहे, अन् तो म्हणतो तुम्ही नसणार म्हणून भिऊ नका. आम्ही तर मरणाला मित्र म्हणतच नाही, बायबलात पौलानं त्याला शेवटचा शत्रू म्हटलंय. शत्रू समोर उभा राहिला की छाती धडधडणारच.

औसा_तालुका :
मला एकच विचारायचंय. 30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप, लोक गणपती विसर्जन करून येऊन झोपलेले अन् पहाटं चारच्या आत सगळं संपलं. दहा हजाराच्या जवळपास माणसं गेली. मी 11 वर्षांचा होतो. आमचं माळवदाचं घर, दगडाच्या जाड भिंती, माझी धाकटी बहीण त्याच्याखाली राहिली. आज इतकी वर्षं झाली तरी स्लॅबखाली मला झोप येत नाही, अंगणात बाज टाकतो. ज्याला तुम्ही मेंढपाळ म्हणता तो तुमचा देव त्या रात्री कुठं होता? भांडायला नाही विचारत, खरंच विचारायलोय.

जालन्याची_लेक :
दादा, मपल्याकडं याचं उत्तर नाही, अन् जो कोणी पटकन उत्तर देईल त्याचं ऐकू नका. मला एवढंच माहितीय की लाजर म्हणून येशूचा मित्र मेला, त्याच्या कबरीकडं जाताना येशू रडला. थोड्या वेळात त्याला उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. बहिणीचं नाव काय होतं ते मला मेसेज करा, आमच्याकडं ईस्टरच्या पहाटे कबरींवर मेणबत्त्या लावतात, तिच्या नावाची एक लावते. चालंल ना तुम्हाला?

औसा_तालुका :
हौ. चालंल.

नांदेडची_सिस्टर :
19 वर्षं नर्स आहे. सगळे वचनावर बोलायलेत, कुणी पप्पांना विचारलं का की नेमकं कशाचं भेव वाटतंय? माझ्या अनुभवात बरेच पेशंट मरणाला तेवढे भीत नाहीत जेवढे दुखण्याला अन् गुदमरण्याला भीतात, किंवा लेकीवर ओझं झालो याला. दुखणं असंल तर मॉर्फिनच्या गोळ्या असतात, डॉक्टरांनी लिहून दिल्या तर मिळतात, दम लागत असंल तर त्यालाही थोड्या डोसचा उपयोग होतो. आणि प्रार्थना करणाऱ्या घरातले लोकच कधीकधी म्हणतात गोळी नको, देव बघून घेईल. असं करू नका, मी हात जोडते.

पैठणचा_सेवक :
ताई, दोन दिवस विचार केला. गेथशेमानेचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण मी अजून म्हणतो की आशा सांगितलीच पाहिजे, नुसतं भेव वाटतं तर वाटू द्या म्हणून गप्प बसणं हेही प्रेम नाही. भ्यालेल्या माणसाला दोष द्यायचा नाही एवढं मात्र शिकलो. माझी माय आधीच्या रात्री रडली होती. ते मी आजवर साक्षीत कधी सांगितलं नाही.

जालन्याची_लेक :
दादा, हे लिहिल्याबद्दल उपकार. काल रात्री पप्पांना बायबलातलं 23 वं स्तोत्र, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे ते, वाचून दाखवलं. हजारदा वाचलेलं. मृत्युच्छायेच्या दरीपाशी त्यांनी मला थांबवलं अन् म्हणाले, परत वरून वाच. वाचलं. मग म्हणाले, बघ, स्तोत्र म्हणणारा कुरणात होता तवर देवाबद्दल तो मला बसवतो, तो मला नेतो, असं चाललंय, अन् दरीत शिरल्याबरोबर देवालाच तू माझ्याबरोबर आहेस म्हणतोय. मी इतक्या लोकांना हे वाचून दाखवलं, मला दिसलंच नव्हतं. भेव गेलं का विचारलं तर नाही म्हणाले. मग सिस्टरांनी सांगितलं तसं विचारलं कशाचं भेव वाटतंय, तर दम कोंडतो त्याचं म्हणाले, पहिल्यांदाच बोलले. सिस्टर, उद्या सकाळी डॉक्टरांकडं चाललेय, जाताना कोणते कागद सोबत न्यायचे तेवढं सांगा.