शब्दचर्चा : असहाय शत्रूला मारणे – वध, हत्या की आणखी काही?

प्रश्न : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाच्या नियमांचा मराठी गोषवारा मी आमच्या खेळगटासाठी लिहीत आहे. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ‘हेल्पलेस’ अशी एक अवस्था आहे. झोपलेला, बेशुद्ध, बांधलेला किंवा मंत्राने जखडलेला शत्रू तीत मोडतो. त्याच्यावर ‘कू द ग्रास’ नावाचा घाव घालता येतो. तो चुकत नाही आणि त्यातून वाचलेल्यालाही जीव राखण्यासाठी फासा टाकावा लागतो. यांना अनुक्रमे ‘असहाय’ आणि ‘वध’ म्हणावे का? ‘हत्या’ लिहिले, तर धर्मयोद्ध्याची भूमिका करणारा खेळाडू हरकत घेतो.

उत्तर : त्याची हरकत साहजिक आहे, कारण त्या आवृत्तीत जाणूनबुजून दुष्कृत्य करणारा धर्मयोद्धा आपल्या शक्ती गमावतो. परंतु ‘वध’ लिहिल्याने तो निर्दोष ठरतो, असेही नाही. ‘कंसवध’ आपण म्हणतो, तसेच ‘अभिमन्युवध’ही म्हणतो, आणि अभिमन्यूला कसे मारले हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही आजच्या वापरात ‘वध’ला न्याय्यतेची आणि ‘हत्या’ला पापाची छटा आलेली असल्यामुळे नियमांत दोन्ही टाळून ‘अखेरचा घाव’ असे लिहावे, म्हणजे निवाडा खेळणाऱ्यांकडे राहील. मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘दयेचा घाव’ असा आहे. मरणयातना भोगणाऱ्याला सोडवण्यासाठी तो घातला जाई. झोपलेल्या राक्षसाचा गळा चिरण्यात दया कुठली, हे मला अद्याप उमगलेले नाही.

‘असहाय’मध्येही करुणा आधीच भरलेली आहे. ‘प्रतिकारास असमर्थ’ हे शब्द लांबलचक असले, तरी अचूक आहेत.

पूरक मत : झोपलेला आणि शरण आलेला यांत मात्र भेद करावा. शरणागताचे हातपाय शाबूत असतात. आपण अभय दिले म्हणून त्याने शस्त्र टाकलेले असते, आणि त्याला मारण्यात क्रौर्याबरोबर वचनभंगही येतो. लढाईत जिवंत हाती लागलेल्यासाठी बखरींतला ‘पाडाव’ हा शब्द मला सर्वांत आवडतो, कारण त्यात दयाही नाही आणि तिरस्कारही नाही.

वादाचे खरे मूळ ‘दुष्ट’ या शब्दात आहे, असे मला वाटते. १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत पात्रांच्या सुष्ट, दुष्ट वगैरे वृत्तींचे नऊ प्रकार दिले गेले आणि राक्षसांच्या नोंदींतही वृत्ती लिहिलेली असल्याने ‘गॉब्लिन दुष्टच, मग बांधलेला असला तरी मारावा’ हा युक्तिवाद सोपा झाला. याउलट ‘आततायी’ पाहा. आज आपण तो ‘अविचारी, टोकाचा’ अशा अर्थाने वापरतो. मुळात मात्र ‘आतत’ म्हणजे ताणलेले, आणि आततायी म्हणजे धनुष्य ताणून मारायला उठलेला. हा शब्द स्वभावाला लागत नाही, कृतीला लागतो. प्रत्यंचा सैल झाली की तो माणूस, किंवा गॉब्लिन, आततायी उरत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘प्रतिकारास असमर्थ’, ‘पाडाव’ आणि ‘अखेरचा घाव’ हे तिन्ही घेतले. ‘दुष्ट’ मुळात असल्यामुळे ठेवावा लागेल. त्याच्या टिपेत मात्र ‘आततायी’ची व्युत्पत्ती देईन, धर्मयोद्धा काहीही म्हणो.