मॉरिशसच्या मराठी मुलीचं आडनाव 'सखाराम' कसं?

रामबागची काकू, इंदूर
गणपतीत मुलाच्या ऑफिसातली एक मुलगी चार दिवस आमच्याकडे होती. मॉरिशसची, कास्काव्हेल गावची. आडनाव सखाराम! मला वाटलं वडिलांचं नाव सांगतेय, तर म्हणे, "नाही काकू, आडनावच." घरी क्रिओल बोलतात, पण आरत्या आमच्या नातवापेक्षा तिला जास्त पाठ. झाकरी नाचून दाखवते म्हणाली, तर ह्यांनी सोफाच बाजूला सारला. मोबाइलवर घराचा फोटो दाखवला: मागे ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचा माडीएवढा ढीग. म्हणे पणजोबांच्या पिढीने वेचलेले दगड. मळा तर गोऱ्या मालकाचा ना? मग मजुरांची स्वतःची घरं तिथे कशी? आणि तिला कोकणातलं मूळ गाव शोधायचंय, कुठून सुरुवात करावी?

मांडवीचा भाचा, वडोदरा
काकू, मी दोन वर्षं पोर्ट लुईला नोकरीत होतो. १८३४पासून तिथे करारावर मजूर गेले, साडेचार लाखांच्या आसपास. बहुतेक कलकत्ता-मद्रासहून, मुंबईहून त्या मानाने कमी. आपले मराठी त्यातले. करार पाच वर्षांचा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत, त्याला 'डबल कट' म्हणत. राहायचं मळ्यातल्याच कँपात.

जमिनीचं असं झालं, की बीटच्या साखरेने भाव पाडले आणि १८८०नंतर मालकांनी मळ्याच्या कडेचे, दगडाळ तुकडे विकायला काढले. मजुरांनी, त्यातही हाताशी चार पैसे असलेल्या सरदारांनी (म्हणजे मुकादमांनी), ते हप्त्याने घेतले. या तुकडे पाडण्याला 'मोर्सेलमाँ' म्हणतात. आजही तिकडच्या वसाहतींच्या नावात तो शब्द असतो. गावं अशीच उभी राहिली.

आडनावाचं काय, कारकुनाने मजुराचं किंवा त्याच्या बापाचं नाव लिहिलं तेच पिढ्यान्‌पिढ्या चिकटलं. त्यामुळे आडनाव शोधू नका, नंबर शोधा. उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळे. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या आहेत. जहाज, वय, अंगावरची खूण, बऱ्याचदा जिल्हा आणि गावही.

लष्करवाला, ग्वाल्हेर
मोका हे गावाचं नाव आहे, नाहीतर काकू तिला संधी साधायला सांगतील! बाकी आमच्या आडनावात गाव आहे, पण त्या गावी आमच्यातलं कोणी गेलेलं नाही.

रामबागची काकू
फोन केला. आजीच्या पेटीत खापरपणजोबांचा कागद निघालाय, नंबर सहा आकडी. शेवटचा आकडा पुसट आहे, ३ की ८ कळत नाही.

मांडवीचा भाचा
दोन्ही मागवायला सांगा. ज्याचं नाव सखाराम तो आपला.