हॉलच्या मुतारीतली लघवी माडांना खत म्हणून वापरता येईल का? विहीर जवळ आहे

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. आमच्या गावात मंडळाचा एक लहान हॉल आहे, लग्नं मुंजी बारशी नाटकाच्या तालमी सगळं तिथंच होतं. पुरुषांची जुनी मुतारी पार मोडकळीला आलीय, ती पाडून नवीन बांधायची ठरलीय. आता सगळं मागच्या सेप्टिक टाकीत जातं, तिथून सोकपिट म्हणजे पाणी जिरवायचा खड्डा, आणि सोकपिटच्या खालच्या अंगाला उतरणीवर मंडळाचीच विहीर. जमीन सगळी चिऱ्याची, पाणी ओतलं की दोन मिनिटांत गायब. विहिरीचं पाणी लॅबमधून तपासून आणलं तर नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. तेव्हापासून पिण्याला बंद केलंय पण लग्नाच्या दिवशी भांडी त्यातच घासतात ना.

हॉलच्या बाजूलाच मंडळाचं भाट आहे, माड आणि थोड्या पोफळी. माझ्या डोक्यात असं आलं की नवीन मुतारीची लघवी सेप्टिकमध्ये न सोडता वेगळी साठवून माडांना घातली तर विहीरही वाचेल आणि खताचा खर्चही. बाहेरच्या देशांत लघवीपासून खत काढायची मशीनं निघालीत असं वाचलं, तसलं काही इथं बसवता येईल का? मीटिंगमध्ये सांगायचंय, त्यामुळे माहिती पक्की हवी.

मलशुद्धी_फोंडा
विचार एकदम बरोबर दिशेला आहे. मी सांडपाण्याच्या कामातच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरातून जेवढं सांडपाणी निघतं त्यात लघवी असते जेमतेम 1 टक्का, पण त्यातलं साधारण 80 टक्के नत्र (नायट्रोजन) आणि जवळपास निम्मं स्फुरद (फॉस्फरस) लघवीतूनच आलेलं असतं. म्हणजे जे थोडक्यात वेगळं धरता आलं असतं ते आपण पाण्यात मिसळतो आणि मग प्लांट उभारून लाखो रुपये घालून तेच परत काढायला बघतो. आणि सेप्टिक टाकी नत्र काढतच नाही. गाळ खाली बसतो एवढंच, अमोनिया पाण्याबरोबर सोकपिटात जातो, जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाणी जाईल तिकडे जातं. चिऱ्याच्या भेगांतून तर सरळ तुमच्या विहिरीत. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, हॉलवर बारशाला बाळं आणतात म्हणून मुद्दाम सांगतो की बाळांना हे पाणी फार वाईट, दुधाच्या पावडरमध्ये तर चुकूनही नको, आणि उकळून नायट्रेट जात नाही उलट पाणी आटल्यावर वाढतं.

आता मशीनचं. स्वित्झर्लंडमधल्या एआवाग या पाण्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या पालिकेबरोबर वूना नावाचा प्रकल्प केला, त्यातून पुढे ऑरिन नावाचं द्रवखत निघालं. लघवीतला साधारण निम्मा अमोनिया जिवाणूंकडून नायट्रेट करून घ्यायचा म्हणजे नत्र हवेत उडत नाही आणि वास जातो, मग अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे खास कोळशातून काढून औषधांचे अंश धरायचे, शेवटी बाष्पीभवन करून बहुतेक पाणी काढून टाकायचं. 2018 मध्ये स्वित्झर्लंडच्या सरकारने त्याला खाण्याच्या पिकांसकट सगळ्या झाडांसाठी मान्यता दिली. पण त्याला वीज लागते, लक्ष ठेवणारा माणूस लागतो, कारण जिवाणूंवर एकदम जास्त लघवी आली तर ते बिघडतात, आणि हॉलवर तर तसंच होणार, आठवडाभर काही नाही आणि रविवारी 500 माणसं. हे सगळं करायचं कशासाठी तर खत लांब न्यायचं असतं म्हणून. पाणी वाहून न्यायला परवडत नाही म्हणून ते आटवतात. तुमचं भाट हॉलला लागून आहे, मग आटवायचं कशाला? तुम्हाला दोन बंद टाक्या आणि धीर एवढंच पुरे.

जागतिक आरोग्य संघटनेची 2006 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात 20 अंश किंवा वर 6 महिने बंद साठवलेली लघवी सगळ्या पिकांना चालते असं दिलंय. आपल्याकडे 20 च्या खाली पारा जातोच किती वेळ. साठवताना लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, पीएच 9 च्या आसपास चढतो आणि त्यातच रोगजंतू मरतात.

कुळागर_सावईवेरे
माडांचा हिशेब मी घालतो. मोठ्या माडाला वर्षाला नत्र 500 ग्रॅम, स्फुरद 320 आणि पालाश (पोटॅश) 1200 ग्रॅम अशी शिफारस आहे. एका लिटर लघवीत नत्र 5 ग्रॅमच्या पुढे-मागे धरा, म्हणजे 100 लिटर घातली की एका माडाचं वर्षाचं नत्र झालं. पण पालाश बघा, तेवढ्या लघवीतून फार तर 200 ग्रॅमच्या आसपास येईल आणि माडाला भूक पालाशचीच. त्यामुळे पोटॅश किंवा राख वेगळी घालावीच लागेल, नुसत्या लघवीवर माड धरणार नाही. स्फुरदही कमीच पडतं, त्यात आपली लाल माती आम्लधर्मी, लोह-अ‍ॅल्युमिनियम स्फुरद धरून बसतं. शेणखत, पाला आळ्यात हवाच. मिठाची काळजी मात्र माडाला करू नका, तो खाऱ्या वाऱ्यात वाढणारा, क्लोराइड त्याला उलट मानवतं. पोफळीला देताना हात आखडता ठेवा.

घालायची पद्धत: बुंध्यापासून थोडं सोडून, साधारण पावणेदोन मीटरपर्यंतच्या आळ्यात चर काढायचा, माती ओली असताना तिप्पट-चौपट पाणी मिसळून ओतायची आणि लगेच माती ओढायची. उघड्यावर शिंपडली तर अमोनिया उडतो, वासही सुटतो आणि खतही गेलं.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. लग्नाचा हंगाम व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, झाल्यावर सुरू होऊन मे पर्यंत, तेव्हा टाक्या भरणार. पावसात लग्नं नाहीत आणि तेव्हा घालायचीही नाही, कारण आपल्या पावसात सगळं नत्र धुऊन परत विहिरीतच. माडाच्या खताचा मोठा हप्ता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच द्यायचा असतो. म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत साठलेली त्या वेळी 6 महिने पुरी करून तयार असते. मे मधली वेगळ्या टाकीत ठेवा.

वाळपईची_सुनंदा
वाचून बरं वाटलं पण मला दोन-तीन गोष्टी खटकतायत. पहिली, टाकी रिकामी करणार कोण? मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात आणि मग काम येतं एखाद्या गरीब माणसावर, तो बादलीने काढणार, हातमोजे नाही काही नाही, आपल्या देशात असली कामं कुणाच्या माथी मारली जातात ते काय मी सांगायला नको. दुसरी, आजकाल घरोघरी बीपी-शुगरच्या गोळ्या, अँटिबायोटिक, ते सगळं लघवीतूनच जातं, मग नारळात नाही का उतरणार? आणि तिसरी, लेप्टोच्या तापाचं काय, पावसात आमच्या भागात भीतीच असते. शिवाय सगळं पुरुषांच्या मुतारीचंच चाललंय, बायकांच्या संडासाची लघवी त्याच सोकपिटात जाणार ना?

मलशुद्धी_फोंडा
सुनंदाताई, पहिला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याचं उत्तर डिझाइनमध्येच द्यायला हवं. टाकी मुतारीच्या खालच्या पातळीला पण भाटाच्या वर बसवा, उतरण आहेच, म्हणजे व्हॉल्व उघडला की नळीतून थेट आळ्यात जाईल, बादलीचा संबंधच नको. तसं जमत नसेल तर लहान प्लास्टिक बॉडीचा पंप, लोखंड-तांबं अमोनिया खातो. आणि ते काम मंडळाच्या सभासदांनी पाळीने करावं असं ठरावातच लिहा.

लेप्टो पसरतो तो मुख्यतः उंदीर-गुरांच्या मुतातून, माणसाच्या लघवीतून तो धोका नगण्य मानतात आणि वर साठवण आहेच. खरा धोका लघवीत विष्ठा मिसळण्याचा, आणि पुरुषांच्या उभ्या मुतारीत तो जवळपास नसतो म्हणून तिथून सुरुवात करायला मी सांगतो. बायकांसाठी लघवी वेगळी करणारी भांडी असतात पण ती नीट वापरायला शिकवावी लागतात, लग्नाच्या गर्दीत ते होणं कठीण, म्हणून सोकपिटावरचा तेवढा भार राहणारच हे मान्य करतो. ते सोकपिट विहिरीपासून लांब हलवा, हे वेगळं काम आहे पण करा.

औषधांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, साठवण्याने ती सगळी जात नाहीत, फेफऱ्यावरच्या कार्बामाझेपिनसारखी काही टिकतात. पण आता ती सोकपिटातून सरळ विहिरीच्या पाण्यात जातायत, आळ्यातल्या पाल्या-शेणाच्या जिवंत मातीत निदान बरीचशी कुजतात. तरी भाजीला नको, पालेभाजीला तर नकोच. माडाला ठीक.

आगरवाडा_मिठागर
स्ट्रुव्हाइटबद्दल कुणी बोललं नाही. लघवीत मॅग्नेशियम घातलं की पांढरी पूड खाली बसते, मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट, ती गाळून वाळवली की सावकाश सुटणारं खत. नेपाळमध्ये सिद्धिपूरला हा प्रयोग झालाय. आणि मॅग्नेशियमसाठी मीठ काढून झाल्यावर जे कडू पाणी उरतं ते चालतं, आमच्या पेडण्यात मिठागरं अजून चालतात. एकेक करून बंद पडतायत ती, मिठाला भाव नाही, मग त्या कडू पाण्याला गिऱ्हाइक मिळालं तर मला खरंच आनंद होईल.

मलशुद्धी_फोंडा
कडू पाण्याची सूचना फार आवडली, मॅग्नेशियमचा खर्च हाच त्या पद्धतीतला मोठा अडथळा असतो. पण डिचोलीकरांच्या कामाला ती पुरी पडणार नाही, का ते सांगतो. 1000 लिटर लघवीत स्फुरद (मूलद्रव्य) 400 ग्रॅम धरलं तर पूड मिळेल तीन किलोच्या आत-बाहेर. त्यात नत्र येणार पावणेदोनशे ग्रॅम फार तर. आणि त्या लघवीत नत्र होतं 5 किलो! बाकी सगळं वरच्या पाण्यात, ते ओतणार कुठे, परत सोकपिटात, म्हणजे विहिरीची तक्रार जशीच्या तशी. स्ट्रुव्हाइट काढून उरलेलं पाणी माडांना घातलं तरच अर्थ आहे, आणि मग तसं म्हटलं तर मूळ लघवीच का नको.

डिचोलीकर, खर्चाबद्दलही मीटिंगमध्ये खरं ते सांगा. 5 किलो नत्र म्हणजे 11 किलो युरिया, 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणजे हजार लिटर लघवीने वाचले 65 रुपये. सबसिडीमुळे युरिया इतका स्वस्त आहे म्हणून, पण शेतकऱ्याच्या खिशातून जातात तेवढेच. पैसे वाचतील म्हणून विकायला गेलात तर कुणीतरी हाच हिशेब मांडून ठराव पाडेल. विहिरीसाठी करा. 5 किलो नत्राचं नायट्रेट होतं 22 किलोच्या आसपास, आणि ते 45 च्या मर्यादेला आणायला जवळपास 5 लाख लिटर पाणी लागेल. हे आकडे ऐकले की लोक गप्प बसून ऐकतात असा माझा अनुभव आहे.

डिचोलीकर
हे 5 लाख लिटरचं डोक्यातच आलं नव्हतं, विहिरीतून भांडी घासायलासुद्धा पाणी घेताना आता हात थांबेल. ठरलं, मी मशीनचा विषय सोडतो. दोन हजार-हजार लिटरच्या टाक्या, फक्त पुरुषांच्या मुतारीला, सोकपिट हलवायचा वेगळा ठराव, आणि सुनंदाताईंचा पाळीचा मुद्दा लेखी. लग्नात 200 जण मुतारीत गेले तर 50 लिटरच्या आसपास जमेल ना? म्हणजे एक टाकी साधारण 20 कार्यक्रमांना पुरेल. पाइप कुठला घालू ते सांगा, प्लंबर 40 एमएम म्हणतोय. आणि वासाचं?

मलशुद्धी_फोंडा
50 लिटर बरोबर, पण पाणी न सोडलं तर. फ्लश ठेवलात तर टाकी चार लग्नांत भरेल. बिनपाण्याच्या मुतारीला रबरी झडपेचा ट्रॅप मिळतो, तो वास अडवतो, दर काही महिन्यांनी काढून धुवायचा, सुटे दोन आणून ठेवा. 40 एमएम अजिबात नको, लघवीचे क्षार आत चढून वर्षभरात तोंड बंद होतं. 75 चा पीव्हीसी घाला, मीटरला किमान 1 सेंटीमीटर उतार, काटकोनी एल्बो (वळणाचा जोड) टाळा, 45 चे दोन लावा, आणि वळणावर साफ करायला तोंड ठेवा. टाकीत येणारा पाइप तळाजवळपर्यंत न्या म्हणजे ढवळून अमोनिया उडणार नाही. टाकीचं झाकण घट्ट, हवेला अगदी बारीक भोक पुरे. प्लंबरला ड्रॉइंग लागलं तर इथंच टाकतो.